चाळणीपुरती केमिस्ट्री

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचे मनाशी पक्के केलेल्या बारावीतल्या कुणालाही विचारा, केमिस्ट्री कशासाठी करतोस? उत्तर मिळेल, ‘सीईटीसाठी.’ बेन्झीनच्या कड्याशी पुढे आपला संबंध येईल, असे त्याला वाटत नाही. आपल्याकडे एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे असतात, मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे २००पैकी ५० गुण केमिस्ट्रीचे. जेईई मेनमध्ये तर ३००पैकी १०० गुण तिचेच. समान गुणांची कोंडी फोडायची वेळ आली, की आधी मॅथ्स पाहतात, मग फिजिक्स, आणि अगदी शेवटी केमिस्ट्री. घरातल्या धाकट्या सुनेसारखी तिची अवस्था: कामाला बरोबरीने, मानाला शेवटी.

यातली खरी गंमत पात्रतेच्या नियमात आहे. पदवीच्या प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे. तिसरा विषय केमिस्ट्री असू शकतो, तसाच बायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा एखादा टेक्निकल-व्होकेशनल विषयही असू शकतो. कागदावर केमिस्ट्रीशिवाय इंजिनिअर होता येते, मात्र सीईटीच्या पेपरात ती पुन्हा समोर उभी. दारावरची पाटी एक सांगते आणि दारवान दुसरेच विचारतो.

इंजिनिअरला केमिस्ट्री हवी की नको, या वादात आपण नेहमी दोन प्रश्नांची गल्लत करतो. अट किती, हा एक प्रश्न. शिकवण्याचा कस किती, हा दुसरा. अट कडक आणि कस बेताचा, असे होऊ शकते, किंबहुना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेच झाले आहे. उलट उदाहरणेही आहेत, पण ती जरा दूरची.

अटीचा वाद सगळ्यात जोरात पेटला तो २०२१च्या मार्चमध्ये. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, २०२१-२२च्या पुस्तिकेने १४ विषयांची यादी दिली आणि त्यांतले कोणतेही तीन घेऊन बारावी झालेला विद्यार्थी इंजिनिअरिंगला पात्र ठरेल, असे म्हटले. यादीत कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, शेती, इंजिनिअरिंग ग्राफिक्स होते, आणि बिझनेस स्टडीजही होते. गणिताशिवाय इंजिनिअर, अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रे भरली. तेव्हा परिषदेचे अध्यक्ष होते अनिल सहस्रबुद्धे, त्याआधी पुण्याच्या सीओईपीचे संचालक. विद्यापीठांवर सक्ती नाही, हा केवळ पर्याय आहे आणि गणिताचे महत्त्व कमी झालेले नाही, असा खुलासा परिषदेला करावा लागला. पुढच्याच वर्षीच्या पुस्तिकेत शाखावार तक्ता आला. आर्किटेक्चर, फॅशन टेक्नॉलॉजी आणि पॅकेजिंग टेक्नॉलॉजी या तीन ठिकाणी पीसीएमचा आग्रह सुटला, कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये केमिस्ट्री ऐच्छिक झाली. आरडाओरडा झाला तो गणितासाठी. केमिस्ट्री गेली तर कुणाला काही वाटेल का, हे कुणी विचारलेसुद्धा नाही.

आता दाराच्या आत जाऊ. पहिल्या वर्षाला, म्हणजे एफईला, शाखा कोणतीही असो, केमिस्ट्री आहे. पण कोणती केमिस्ट्री? इथे विद्यापीठागणिक चित्र पालटते.

पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या पॅटर्नमधला अभ्यासक्रम पाहा. पहिले युनिट पाण्याचे: दुष्फेन पाणी, त्याची कठीणता, ईडीटीएचे टायट्रेशन, बॉयलरमधला थर आणि गाळ, झिओलाइटची पद्धत. मग उपकरणांनी करायचे विश्लेषण, पॉलिमर आणि नॅनोपदार्थ, इंधने, स्पेक्ट्रोस्कोपी, शेवटी गंज. ही कारखान्याची केमिस्ट्री आहे. बॉयलर, कोळसा, पाइप, रंग. वाफेवर गिरण्या चालत होत्या त्या काळाचा वास तिला येतो, पण प्रत्येक युनिट कुठल्या तरी खऱ्या वस्तूपाशी जाऊन थांबते, हा तिचा गुण. इनसेमला ३० गुणांसाठी पहिली दोन युनिटे, एंडसेमला ७० गुणांसाठी उरलेली चार. परिणाम असा, की पाणी हा विषय इनसेमच्या दुपारीच संपे. त्यानंतर दुष्फेनतेबद्दल त्या विद्यार्थ्याला आयुष्यात कुणी काही विचारत नाही. पुढे तो स्वतः घरमालक होतो, बोअरवेलच्या पाण्याने गिझरची कॉइल जाते, आणि प्लंबर त्याला पहिले युनिट पुन्हा शिकवतो.

मुंबई विद्यापीठाच्या सी-स्कीममध्ये हाच विषय दोन सत्रांत विभागून येई. पहिल्या सत्रात अणू-रेणूंची रचना, मॉलिक्युलर ऑर्बिटल, फेज रूल, पॉलिमर, पाणी. दुसऱ्यात गंज, इंधन, ग्रीन केमिस्ट्री वगैरे. पुण्यात एका सत्रात ताटभर वाढत, मुंबईत दोन वेळा चमचाभर.

आणि मग २०१८चा एआयसीटीईचा आदर्श अभ्यासक्रम. एकूण पदवी १६० क्रेडिटची करताना परिषदेने केमिस्ट्रीला लॅब धरून साडेपाच क्रेडिट दिली, फिजिक्सइतकीच. विषय मात्र पार बदलले. श्रोडिंजरचे समीकरण, पेटीतला कण, स्पेक्ट्रोस्कोपीची तंत्रे, रेणूंमधली बले, मुक्त ऊर्जा आणि समतोल, आवर्ती गुणधर्म, स्टिरिओकेमिस्ट्री, आणि शेवटी सेंद्रिय अभिक्रिया व एका औषधी रेणूची जुळणी. विज्ञान म्हणून हे अधिक खरे, अधिक नेटके आहे. बीएस्सीच्या प्राध्यापकाला ते आवडेल. पण सिव्हिलच्या मुलाने औषधाचा रेणू कसा जोडतात ते शिकावे आणि सिमेंट पाण्याशी मिळते तेव्हा काय होते ते शिकू नये, हा हिशेब मला तरी लागलेला नाही. केमिस्ट्री विभागाने केमिस्टसाठी लिहिलेले पान इंजिनिअरच्या वहीत आले, असे त्याचे रूप आहे.

तिसरी वाट बेळगावात सापडते. तिथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाने २०२२च्या स्कीममध्ये केमिस्ट्री शाखागटानुसार वेगवेगळी केली: सिव्हिलची वेगळी, मेकॅनिकलची वेगळी, इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सची वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. कॉम्प्युटरवाल्यांना सेन्सर, डिस्प्लेचे पदार्थ, इलेक्ट्रोड, ई-कचऱ्यातून धातू परत मिळवणे. हातातल्या मोबाइलची केमिस्ट्रीच म्हणा ना. बेळगाव-खानापूरची मराठी मुले या विद्यापीठात शिकतात. त्यांच्या वर्गात ‘आम्हाला हे कशाला?’ हा प्रश्न निदान थोडा कमी ऐकू येत असावा.

आयआयटी मुंबईत अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना सीएच १०५ आणि सीएच १०७ असे अर्ध्या-अर्ध्या सत्राचे दोन कोर्स असत, एक सेंद्रिय-असेंद्रिय, दुसरा फिजिकल केमिस्ट्री, आणि सीएच ११७ ही लॅब. कस चांगलाच. पण जेईईची दोन वर्षे ऑरगॅनिकच्या अभिक्रिया घोकून आलेल्या मुलाला पवईत पुन्हा केमिस्ट्री दिसली की त्याचा चेहरा लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी वाढल्यासारखा होतो.

कस ठरतो तो परीक्षेत आणि लॅबमध्ये. आमच्या वेळची लॅब आठवते. एका बॅचला वीसेक मुले, ब्युरेट सहा, त्यांतल्या दोन गळक्या. ईडीटीए थेंबथेंब सोडायचा, एरिओक्रोम ब्लॅक टीचा वाइन रंग जाऊन निळा व्हायची वाट बघायची. कुणाचे रीडिंग बरोबर आले, की ते अर्ध्या तासात वीस जर्नलांत पोचे, दशांश चिन्हासकट. सबमिशनच्या आठवड्यात सह्या, टर्म वर्कचे गुण, मग ओरल. थिअरीला लोकल ऑथरचे पुस्तक आणि पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. बॉम्ब कॅलरीमीटरची आकृती सगळ्यांना येई. प्रत्यक्ष बॉम्ब कॅलरीमीटर कुणी पाहिलेला नव्हता. तरीही केटी लागायची ती बहुधा मॅथ्सला. केमिस्ट्री म्हणजे ‘काढून घ्यायचा’ विषय. या दोन शब्दांत कसाची सगळी कथा आली.

लॅबची एक साधी अडचण धोरणाच्या चर्चेत कधी येत नाही. सगळ्या तुकड्यांना एकाच सत्रात केमिस्ट्रीची लॅब देता येत नाही, म्हणून अर्ध्या तुकड्या पहिल्या सत्रात फिजिक्स घेतात, अर्ध्या केमिस्ट्री, आणि दुसऱ्या सत्रात अदलाबदल. कर्नाटकात याला फिजिक्स सायकल आणि केमिस्ट्री सायकल म्हणतात. त्यामुळे पहिल्या सत्रात दुसऱ्या कोणत्याही विषयाला केमिस्ट्रीच्या पायावर उभे राहता येत नाही, कारण अर्ध्या वर्गाने ती अजून पाहिलेलीच नसते. ओळखीची माणसे नसलेल्या गावात पाहुणा यावा तशी ती येते आणि जाते.

आणि डिप्लोमावाले? दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुले एफईची पायरी ओलांडूनच येतात. त्यांनी केलेली केमिस्ट्री पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षातली, तीही बहुधा फिजिक्ससोबत एकाच पुस्तकात बांधलेली. पुढे त्यांना पदवी तीच मिळते, नोकरी तीच मिळते, आणि साइटवर ती मुले अनेकदा सरसच ठरतात. मग एफईची केमिस्ट्री ‘पायाभूत’ म्हणायची, तर हा पाया नसलेल्या इमारती कशा उभ्या आहेत, याचे उत्तर द्यावे लागेल. मला स्वतःला वाटते, पायाचा काही दोष नाही. इमारत बांधतानाच कुणी त्या पायावर भिंत घेतलेली नाही.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला, किंवा वेगळ्या रीतीने विस्कटला. तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एबीईटीच्या जुन्या निकषांत जनरल केमिस्ट्री आणि कॅल्क्युलसवर आधारलेले फिजिक्स दोन्ही सक्तीचे होते, आणि त्यांपैकी एक तरी दोन सत्रे. २०००च्या सुमारास ‘ईसी २०००’ नावाने निकष बदलले आणि सर्वांना सरसकट लागू असलेली केमिस्ट्रीची सक्ती गेली. आता गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून किमान ३० क्रेडिट हवीत, त्यांत प्रयोगाचा अनुभव हवा. कोणते विज्ञान, ते ज्या त्या शाखेने ठरवावे. सिव्हिलच्या निकषात केमिस्ट्री नाव घेऊन आहे. एन्व्हायर्न्मेंटलमध्ये तर स्टॉइकिओमेट्री, समतोल, कायनेटिक्स असे उपविषयही लिहून दिले आहेत. इलेक्ट्रिकलला मात्र तिची अशी वेगळी सक्ती नाही.

त्यामुळे एकाच आवारात दोन दुनिया दिसतात. बर्कलीत मेकॅनिकलला केमिस्ट्री लागते, ईईसीएसला, म्हणजे इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटरला, लागत नाही. मिशिगनमध्ये इंजिनिअरिंगच्या सर्वांना लागते. पर्ड्यूत पहिल्या वर्षाला एक जनरल केमिस्ट्री सक्तीची, आणि नंतर दुसरी केमिस्ट्री घ्यायची की प्रोग्रामिंग, हे विद्यार्थ्याने ठरवायचे. तिथल्या कित्येक विद्यापीठांनी खास इंजिनिअरांसाठी एका सत्राची केमिस्ट्री बांधली आहे: ओहायो स्टेटला १२५०, टेक्सास ए अँड एमला १०७, जॉर्जिया टेकला १३१०. इतरांना दोन सत्रांत शिकवतात ते इथे एकात, सेंद्रिय भागाला कात्री लावून आणि पदार्थ व ऊर्जेवर जोर देऊन. केमिकल इंजिनिअर मात्र लांबच्या, दोन सत्रांच्या वाटेने जातो.

कसाच्या दृष्टीने हे एका सत्राचे कोर्स फसवे असतात. नाव सौम्य, वेग भयंकर. शिवाय जिथे असा वेगळा कोर्स नाही, तिथे इंजिनिअर डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो. मेडिकलला जायचे तर केमिस्ट्रीत ‘ए’ लागतो, म्हणून ते जिवाच्या आकांताने अभ्यास करतात. गुण जिथे कर्व्हवर ठरतात, तिथे त्यांच्या शेजारी बसलेल्या मेकॅनिकलवाल्याची गत काय होते, ते सांगायला नको. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत अकरावीला एपी केमिस्ट्री घेण्याचा जो आग्रह दिसतो, त्यामागे ही भीतीही असते. तिथे पाच गुण पडले, की अनेक विद्यापीठांत हा कोर्स माफ होतो. इथून एमएसला गेलेल्यांना यातले काही भोगावे लागत नाही, म्हणून घरच्या गप्पांत आईवडील आणि मुले वेगवेगळ्या अमेरिकेबद्दल बोलत असतात.

मला सगळ्यात आवडलेली रचना एमआयटीची. तिथे केमिस्ट्रीची अट कॉम्प्युटरवाल्यालाच नव्हे, अर्थशास्त्रवाल्यालाही आहे. पण ती पुरी करायला वेगवेगळी दारे आहेत. केमिस्ट्री विभागाचे ५.१११ किंवा अधिक चढे ५.११२, नाहीतर मटेरियल्स विभागाचे ३.०९१, घन पदार्थांचे रसायन. डोनाल्ड सॅडोवे यांची ३.०९१ची व्याख्याने इंटरनेटवर खुली आहेत आणि आपल्याकडच्याही पुष्कळ मुलांनी ती पाहिली आहेत. अणूची रचना येते, पण ती पुढे स्फटिक, त्यातले दोष, काच, सेमिकंडक्टर, पॉलिमर यांच्याकडे वळते. इंजिनिअर आयुष्यभर ज्याला हात लावतो ते बहुधा घनच असते. त्याच्यापाशी तिथूनच जावे, हे साधे आहे, आणि हे साधे बाकीच्यांना सुचले नाही याचे नवल वाटते.

ब्रिटनबद्दल दोन वाक्ये पुरेत. तिथे इंजिनिअरिंगला ए-लेव्हलचे मॅथ्स आणि फिजिक्स मागतात, केमिस्ट्री मुख्यतः केमिकल इंजिनिअरिंगला. तीन-चार वर्षांच्या पदवीत पहिल्या दिवसापासून इंजिनिअरिंगच, सामाईक विज्ञानाचे वेगळे वर्ष नाही, आणि तरी त्यांचे पूल उभे आहेत.

केमिकल इंजिनिअरिंगबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. मुंबईत १९३३मध्ये सुरू झालेली माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, आणि नागपूरला दानशूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२मध्ये उभी राहिलेली एलआयटी, या आपल्या दोन जुन्या संस्था. रंग, तेले, औषधे, वस्त्र अशा टेक्नॉलॉजीच्या शाखांत केमिस्ट्री खरोखर रक्तासारखी वाहते. पण निव्वळ केमिकल इंजिनिअर म्हणजे केमिस्ट नव्हे. त्याचा बहुतेक वेळ उष्णता, प्रवाह, दाब आणि पदार्थांची ने-आण यांच्या गणितात जातो. ‘मला केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल घेतले’ असे म्हणणारी मुले दुसऱ्या वर्षाच्या फ्लुइड मेकॅनिक्सला चमकतात ती त्यामुळे.

बाकीच्यांना केमिस्ट्री कुठे लागते, हे पाहायला दूर जायला नको. ५ जुलै १९८६ला पणजीजवळचा मांडवीवरचा पूल कोसळला. बांधून दोन दशकेही झाली नव्हती. आतल्या ताणलेल्या पोलादी केबल गंजल्या होत्या. खारी हवा, क्लोराइड आणि काँक्रीटमधून आत शिरलेला ओलावा. गोवेकरांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगा लागल्या. अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसे गेली, त्याचे कारणही ताण आणि गंज एकत्र येऊन वाढलेली छोटीशी भेग. गोष्ट नुसत्या भार, ताण, वाक यांच्या हिशेबाची नव्हती. धातूचे काय होते आहे, हेही पाहावे लागते.

इलेक्ट्रॉनिक्सवाले केमिस्ट्रीला नाक मुरडतात, तेव्हा गॉर्डन मूर यांची आठवण करून द्यावीशी वाटते. चिपवरचे ट्रान्झिस्टर किती वेगाने वाढतील याचा ठोकताळा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते इंटेलचे मूर शिक्षणाने केमिस्ट. त्यांचे सहकारी अँडी ग्रोव्ह केमिकल इंजिनिअर. चिप बनवणे म्हणजे सिलिकॉनवर वाफेतून थर बसवणे, प्रकाशाने आकृती उमटवणे आणि आम्लाने किंवा प्लाझ्माने नको ते खरवडून काढणे. आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी २०२२ हे वर्ष. पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला, ती चित्रफीत देशभर फिरली. त्याच वर्षी एआयएस-१५६ या बॅटरी-मानकात दुरुस्त्या झाल्या आणि पुढे, एका सेलची आग शेजारच्या सेलकडे कशी पसरते याची चाचणी सक्तीची झाली. चाकणच्या पट्ट्यात गिअरबॉक्सवर आयुष्य काढलेल्या माणसांना चाळिशीत इलेक्ट्रोलाइट समजून घ्यावे लागते आहे. एफईला विद्युतघट होता. त्यांनी तो काढून घेतला होता.

अलीकडे दादरच्या एका जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट चालले होते. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना ते करावेच लागते. इंजिनिअर साहेब बाजूला टॅबवर नोंदी घेत उभे, आणि मदतनीस पोराने खांबाचे प्लास्टर काढून काँक्रीटला छोटे भोक पाडले. मग एका साध्या स्प्रेच्या बाटलीतून त्यावर फवारा मारला. आतला भाग भडक गुलाबी झाला, बाहेरची पट्टी होती तशीच करडी राहिली. बाटलीत फिनॉल्फ्थॅलीन होते. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की पीएच नऊच्या खाली येतो, मग गुलाबी रंग येत नाही आणि सळईचे संरक्षणही उरत नाही. पोराने मोजपट्टी लावून करड्या भागाची खोली मोजली, ‘बावीस’ म्हणाला. साहेबांनी बावीस लिहिले. मी विचारले, हे गुलाबी का होते? साहेब हसले आणि म्हणाले, ‘ते एफईला होते हो काहीतरी.’ पोरगा तोपर्यंत पुढच्या खांबाकडे गेला होता.